त्या जागी कोणाचं नाव

परीक्षित आगाशेला गेल्या वर्षापर्यंत कोणी विचारलं असतं की तुला लाज कशाची वाटते, तर त्याने हसून सांगितलं असतं, माझ्या इंग्रजी उच्चारांची. आता विचारून बघा. मान खाली घालेल, चहा घेणार का म्हणेल आणि किचनमध्ये गेला की बराच वेळ बाहेर येणार नाही. माणूस वाईट नाही हो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवाल, आणि ठेवायलाच हवीत.

परीक्षित पुण्याचा. राहतो लंडनच्या हॅरो भागात. रोज सकाळी मेट्रोपॉलिटन लाइन पकडून सिटीतल्या एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायला जातो आणि संध्याकाळी घरी आला की बूट काढायच्या आधी पेटीपाशी बसतो. ती पेटी पुण्याहून आणताना सामानाचं वजन जास्त भरलं, म्हणून कस्तुरीचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, दोन कुकर मागे राहिले. तो विषय त्या घरात अजून मिटलेला नाही.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर खालच्या फ्लॅटमधले म्हातारे गृहस्थ उभे, अंगात कोट, गळ्यात मफलर, जिना चढून धाप लागलेली. परीक्षितला वाटलं, झालं, आवाजाची तक्रार, आता कौन्सिलला पत्र जाणार. पण म्हाताऱ्यांचं म्हणणं वेगळंच होतं. तुमच्या वाद्याची मधल्या सप्तकातली एक पट्टी उतरली आहे, दोन वर्षं खालून ऐकतोय, आता सहन होत नाही. मग आत येऊन, कोटसुद्धा न काढता, त्यांनी पेटी उघडायला लावली. खिशातून कागदात गुंडाळलेलं दाढीचं पातं काढलं आणि त्या सुराची पितळी रीड टोकाला इतक्या हलक्या हाताने खरवडली, की कस्तुरी श्वास रोखून बघत राहिली. सूर चोख लागला. म्हातारे म्हणाले, आता मला झोप येईल, आणि निघून गेले.

हे इम्रे सोल्नोकी. वय सत्त्याऐंशी, मूळचे हंगेरीचे. सतराव्या वर्षी बुडापेस्टच्या एका थिएटरात तालमींना पियानो वाजवायला लागले, एकोणिसाव्या वर्षी मुलांच्या नाटकाला पहिल्या चाली लावल्या, आणि त्याच वर्षी शहरात रशियन रणगाडे आले. हिवाळ्यात चालत सरहद्द ओलांडून ते ऑस्ट्रियात आणि तिथून लंडनला पोचले. इथे त्यांना कोणी विचारत नव्हतं. पोटासाठी त्यांनी नकलनवीसाचं काम धरलं. ऑर्केस्ट्राच्या मोठ्या कागदावरून प्रत्येक वादकाचा भाग वेगवेगळा, शाईने, हाताने उतरवून काढायचा. चूक झाली तर खोडायचं नाही, पात्याने शाई खरवडायची आणि त्याच जागी पुन्हा लिहायचं. ते पातं तेव्हापासून खिशात.

पुढे त्यांनी नाटकांना संगीत दिलं, सिनेमांना दिलं, टीव्हीवरच्या एका डिटेक्टिव्हच्या मालिकेला दिलं. भुताखेतांचे आणि राक्षसांचे सिनेमे तर इतके केले, की आपल्याला या देशात राक्षसांनीच जगवलं असं ते म्हणायचे. एका बिस्किटाच्या जाहिरातीची बावीस सेकंदांची धून त्यांची होती. ती तर अख्ख्या ब्रिटनच्या तोंडात बसली होती. मग कीबोर्डचा जमाना आला, फोन वाजायचा थांबला. बायको आग्नेस, ती गायची, तीही गेली. राहिले कागदांचे आणि टेपांचे एकतीस खोके.

एका युनिव्हर्सिटीच्या नाट्यसंग्रहाने ते खोके घ्यायची तयारी दाखवली, पण आधी यादी हवी होती, तीही कम्प्युटरवर. म्हणून पेटीच्या ओळखीवर इम्रे परीक्षितकडे आले आणि दर शनिवारी सकाळी दहा ते बारा असं ठरलं. परीक्षित लॅपटॉप घेऊन खाली जायचा, इम्रे एकेक कागद काढून माहिती सांगायचे. परीक्षितने रकाने पाडले होते: कामाचं नाव, वर्ष, गाव, नाटक की सिनेमा. इम्रेंनी ते बघितले आणि आणखी एक रकाना पाडायला सांगितला, माझं नाव दिलं होतं का. परीक्षितने पाडला. मग त्यांनी अजून एक सांगितला: त्या जागी कोणाचं नाव होतं.

परीक्षितला मनातून हसू आलं. म्हातारपणी माणसं जुनी उणीदुणी काढतात, तसलाच प्रकार असणार असं त्याला वाटलं. पण दोन-तीन शनिवार गेले आणि हसू जिरलं. नाव दिलं का? नाही. नाही. नाही. एका फार नामांकित संगीतकारासाठी इम्रेंनी अकरा सिनेमांचं काम केलं होतं. त्यातल्या एकाची प्रेमाची धून तर पहिल्यापासून शेवटपर्यंत इम्रेंची. त्या धुनीला मोठं बक्षीस मिळालं, ते घ्यायला तो दुसरा माणूस स्टेजवर गेला, आणि इम्रे आणि आग्नेस वरच्या गॅलरीत बसून टाळ्या वाजवत होते. एवढं सगळं ते शांतपणे सांगायचे. राग नाही, शिवी नाही. फक्त एकदा म्हणाले,

"सिनेमा संपला की लोक कोट घालायला उठायचे. मी बसून राहायचो. सगळी नावं जाईपर्यंत बघायचो, शाळा सुटल्यावर आई फाटकापाशी आपलं पोर शोधते ना, तसं."

परीक्षितला गलबलून आलं. त्या भरात त्याने आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा एका संगीत नाटक मंडळीत ऑर्गन वाजवायचे. त्या नाटकांच्या छापील पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, चाल अमुक. कोणाची ठुमरी उचलली, कोणत्या लावणीवर बांधलं, सगळं उघड. दुसऱ्याची चाल घेण्यात आपल्याकडे कमीपणा नाही, फक्त वर लिहायचं. आजोबांचा त्यावर इतका कटाक्ष होता, की घरातल्या आरतीलासुद्धा ते चाल कोणाची ते सांगूनच सुरुवात करायचे.

इम्रेंनी हे तीनदा विचारून घेतलं. प्रत्येक गाण्यावर? छापलेलं? आणि लोक वाचायचे? मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, की आपण चुकीच्या देशात जन्मलो. आता बघा, हे सगळं ऐकून, स्वतःच्या तोंडाने सांगून, माणूस पुढे काय करतो.

चौदाव्या खोक्यात एक टेप निघाली. ग्लासगोत बसवलेलं एक संगीत नाटक, अकरा प्रयोग झाले आणि बंद पडलं. लंडनला आलंच नाही. परक्या गावात पोचलेली मुलगी स्टेशनवरून घरी पत्र लिहिते की सगळं ठीक आहे, आणि काहीच ठीक नसतं, असं त्यातलं गाणं. ते गायलं होतं आग्नेसने. या नाटकाच्या पोस्टरवर इम्रेंचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. 'नाव दिलं' या रकान्यात त्या ओळीला 'हो' लिहिताना इम्रेंनी परीक्षितचा हात धरला होता. यादीत असे 'हो' थोडे होते.

टेप कम्प्युटरवर चढवताना परीक्षितने ती फोनमध्येही घेतली. मग ट्रेनमध्ये येता-जाता ऐकायला लागला. सहा मात्रांत चपखल बसणारी चाल. तिसऱ्या ओळीत वर चढता चढता मध्येच थबकते आणि कोमल गंधारावर अशी उतरते, की ती ओळ पुन्हा लावावीशी वाटते. आठ आठवडे त्याच्या डोक्यात दुसरं काही वाजलं नाही.

इकडे परीक्षितच्या मराठी मंडळाचं नाटक उभं राहत होतं. ब्रिटनमधल्या मराठी मंडळांची नाट्यस्पर्धा, आपल्या भागाची फेरी वेम्बलीत, अंतिम फेरी ग्लासगोला. नाटक लिहिलं होतं डॉक्टर अनुराधाताईंनी. चाळीस वर्षं इथे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून काढलेल्या बाई, रिटायर झाल्यावर पेशंटऐवजी नटांना धाकात ठेवत होत्या. नाटक नागपूरहून आलेल्या एका नर्सचं. बसस्टॉपवर उभं राहून ती म्हणते, 'कोणी सांगा घरी, मी पोचले गं', असं मुख्य गाणं. त्याला चाल लावायचं काम परीक्षितकडे.

आता खरं सांगायचं तर परीक्षित साथीदार उत्तम. कोणाच्याही गळ्यामागे सावलीसारखा जातो. पण चाल त्याला सुचत नाही. पंधरा वर्षं सगळे म्हणत आले, पेटीवर परीक्षित आहे ना, मग काळजी नाही. संगीत परीक्षितचं, असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्या गाण्यासाठी त्याने चार चाली बांधल्या. अनुराधाताईंनी चारही ऐकून एवढंच म्हटलं, की ठीक आहेत. ठीक आहेत हे ऐकून त्याचं अवसान गळालं.

पुढच्या तालमीला तो रिकाम्या हाताने गेला. ताई म्हणाल्या, निदान काहीतरी वाजवून दाखव, गाण्यात किती वेळ उभं राहायचं ते नर्सला कळू दे. त्याची बोटं पट्ट्यांवर गेली आणि आग्नेसने गायलेली ती चाल बाहेर आली. शब्द तिच्यात असे बसले, जसे काही तिच्यासाठीच लिहिले होते. नर्सचं काम करणाऱ्या निवेदिताने डोळे पुसले. अनुराधाताई उठून पेटीपाशी आल्या.

"परीक्षित, ही चाल तुझी?"

एवढासा प्रश्न. 'नाही हो, ही खालच्या आजोबांची,' इतकं म्हणायचं होतं. पण ताईंनी त्याच्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. कोणीच बघितलं नव्हतं.

"बसली आपली," तो म्हणाला.

घरी जाताना त्याने स्वतःला समजावलं, पुढच्या तालमीला सांगू. पुढच्या तालमीला सगळ्यांनी गाणं पाठ करून आणलं होतं. मग म्हणाला, प्रोग्रॅम छापायच्या आधी सांगू. प्रोग्रॅमचा मजकूर ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, संगीत: परीक्षित आगाशे, बरोबर ना? तो फोन हातात घेऊन दोन स्टेशनं बसून राहिला आणि मग होकाराचा अंगठा पाठवून मोकळा झाला. शनिवारी खाली जाऊन यादी करतच होता. 'नाव दिलं का?' विचारत होता, 'नाही' लिहीत होता. एकदा तर इम्रेंनी त्याला विचारलं, बरं नाही का तुला. तो म्हणाला, झोप झाली नाही. इम्रेंनी त्याला गरम सूप पाजलं आणि तो ते प्यायला. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

प्रयोगाच्या दिवशी वेम्बलीच्या शाळेचा हॉल भरला होता. बाहेर टेबलावर बटाटेवडे, आत शाली, परफ्यूम, रडणारी पोरं. परीक्षित स्टेजच्या बाजूला पेटी लावत होता, आणि समोरून कस्तुरी येताना दिसली. तिच्या दंडाला धरून, मफलर गुंडाळलेले, इम्रे सोल्नोकी. बिचारीने चांगल्या मनाने आणलं होतं. दर शनिवारी तू त्यांच्याकडे जातोस, त्यांनाही जरा माणसांत आणावं, तू पेटी वाजवतोस ते बघू देत, असं म्हणून तिकीट काढलं होतं. परीक्षित अर्धवट उठला. पण पडदा सरकायला लागला होता, आणि पेटी सोडून कुठे जाणार?

गाणं सुरू झालं तेव्हा त्याने मान वर केली नाही. तिसऱ्या ओळीला केली. दुसऱ्या रांगेत इम्रे ताठ बसले होते, आणि त्यांचा उजवा हात गुडघ्यावर त्या सहा मात्रा मोजत होता. गाणं संपलं. मागून कोणीतरी जोरात 'वन्स मोअर' म्हणालं, मग सगळा हॉल म्हणायला लागला. निवेदिताने पेटीकडे हात केला, लोकांनी टाळ्या वाढवल्या. आणि परीक्षित उठला. उठून, दोन्ही हात जोडून, त्याने लोकांना नमस्कार केला. का केला हे त्याला आजही सांगता येत नाही. गाणं दुसऱ्यांदा झालं.

प्रयोगानंतर तो मागच्या दाराने सटकणार होता. पण कस्तुरीने हाक मारली. इम्रे खुर्चीतच होते. डोळे लाल, चेहऱ्यावर कधी न पाहिलेला आनंद. त्यांच्या मांडीवर प्रोग्रॅमचा कागद होता, सगळा मराठीत. त्यातल्या एका ओळीशेजारी ताईंनी हौसेने सुरांची खूण छापली होती, पाश्चात्त्य नोटेशनच्या सुरुवातीला काढतात ती वेलांटी. इम्रेंना त्या कागदावर तेवढी एकच गोष्ट वाचता येत होती. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मला न सांगता केलंस. तुमच्या पद्धतीप्रमाणे वर लिहिलंस." मग बोट जरासं पुढे सरकवून त्यांनी विचारलं, "हे माझं नाव?"

बोट परीक्षितच्या नावावर होतं.

"हो," परीक्षित म्हणाला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण उगाच म्हणतो. वेम्बलीची धरणी जागची हलली नाही. तिच्यावर उभं राहून त्याला इम्रेंची मिठी सोसावी लागली.

गाडीत इम्रे कस्तुरीला सांगत होते, की पन्नास वर्षांपूर्वीचं माझं गाणं तुझ्या नवऱ्याने आज लोकांना दोनदा ऐकवलं, आग्नेस असती तर. कस्तुरी गाडी चालवत होती. त्यांना खाली सोडून वर आल्यावर तिने चपला काढल्या, पर्समधून प्रोग्रॅम काढला, वाचला आणि फ्रिजवर लावायच्या ऐवजी टेबलावर पालथा ठेवला. चाल त्यांची ना, तिने विचारलं. तो हो म्हणाला. उद्या खाली जाऊन सांग, ती म्हणाली. तो म्हणाला, सांगतो.

सांगितलं नाही. त्या शनिवारी ऑफिसचं काम काढलं, पुढच्या शनिवारी ताप, त्याच्या पुढच्या शनिवारी सरळ फोन उचलला नाही. नाटक अंतिम फेरीत गेलं होतं. मंडळाच्या ग्रुपवर रोज अभिनंदन. घरात येताना तो इमारतीचा दरवाजा अलगद लावायचा आणि खालच्या दारासमोरून मोजे घातल्यासारखा हळू पाय टाकत जायचा. पेटीला हात लावत नव्हता, खाली ऐकू जाईल म्हणून. कस्तुरी जेवायला वाढायची, बोलायचीही, पण डोळ्यांत बघायची नाही. एकदा म्हणाली, की मला आता त्या जिन्यावरून जाताना लाज वाटते, आणि मी तर काही केलेलं नाही.

चौथ्या शनिवारी सकाळी इम्रेच वर आले. जिना चढून दारात उभे, धाप लागलेली. खाली ये, तुझ्यासाठी काहीतरी आहे, एवढंच म्हणाले आणि उतरायला लागले. न जाऊन करतो काय?

टेबलावर कागदांची थप्पी होती. ग्लासगोसाठी, इम्रे म्हणाले. तुमचं वादन चांगलं आहे पण मागे फार रिकामं वाटतं, म्हणून त्यांनी त्या गाण्यासाठी पेटी, व्हायोलिन, बासरी आणि चेलोचे भाग लिहून काढले होते. वादक मी देतो, माझ्या ओळखीचे आहेत. चौदा पानं, शाईने, जुन्या नकलनवीसाच्या हाताने लिहिलेली, एक डाग नाही. ग्लासगोत माझं गाणं अकरा दिवसांत मेलं होतं, ते तिथे परत नेऊया, ते म्हणाले.

आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर, मधोमध, सुबक देवनागरीत लिहिलं होतं: परीक्षित आगाशे.

"तीन आठवडे गिरवतोय," इम्रे सांगत होते. "आमचे सूर रेघेवर बसतात, तुमची अक्षरं रेघेला लटकतात, हाताला सवय नाही. आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येक पानावर माझं नाव लिहिलं. बघ, काही चुकलंय का?"

एकही काना-मात्रा चुकली नव्हती. परीक्षितने चौदाही पानं उलटून बघितली. कुठेतरी एखादं पान वेगळं निघेल अशी त्याला का कोण जाणे आशा होती. मग तो खुर्चीत बसला.

"हे तुमचं नाव नाही," तो म्हणाला. "हे माझं आहे."

इम्रेंना आधी उमगलंच नाही. त्यांनी घाईघाईने प्रोग्रॅमचा कागद आणला, तो त्यांनी काचेच्या फ्रेममध्ये घातला होता. मी चुकीची ओळ उतरवली का, असं ते विचारायला लागले.

"ओळ बरोबर आहे. संगीताचीच आहे. तिथे मी माझं नाव घातलं. चाल माझी आहे असं सगळ्यांना वाटू दिलं, आणि तुम्हालाही खोटं सांगितलं."

इम्रे फ्रेमकडे बघत राहिले. मग त्यांनी ती टेबलावर ठेवली, पालथी. ओरडले असते, बाहेर हो म्हणाले असते, तर परीक्षितला बरं वाटलं असतं. त्याने माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"कम्प्युटर आण."

तो वर जाऊन लॅपटॉप घेऊन आला. कस्तुरीने त्याचा चेहरा बघितला. इम्रेंनी यादी उघडायला लावली आणि शेवटी नवीन ओळ घालायला सांगितली. नेहमीच्या आवाजात सांगत होते, तो टाइप करत होता. नाटक. यंदाचं वर्ष. वेम्बली. गाणं दोनदा झालं, तेही लिही. मग त्यांनी पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"नाव दिलं?"

"नाही," परीक्षितने म्हटलं आणि लिहिलं.

"त्या जागी कोणाचं नाव?"

या रकान्यात वर सगळी जुनी नावं होती. तो नामांकित संगीतकार तर अकरा वेळा. परीक्षितने स्वतःच्या हाताने ती भरली होती, आणि भरताना प्रत्येकाला मनातल्या मनात शिव्या हासडल्या होत्या. आता त्यांच्या खाली, त्याच ठशात, त्याने आपलं नाव आणि आडनाव टाइप केलं. इम्रेंनी चष्मा लावून ते अक्षर न् अक्षर वाचलं, कारण हे इंग्रजीत होतं आणि त्यांना वाचता येत होतं. मग म्हणाले, सेव्ह कर. ही यादी युनिव्हर्सिटीत जाणार आहे, लोक पुढे शंभर वर्षं वाचणार आहेत, हे दोघांनाही माहीत होतं.

मग त्यांनी फोनकडे बोट केलं. त्या डॉक्टर बाईंना सांग, इथूनच. परीक्षितने अनुराधाताईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं तरी इम्रे त्याच्या चेहऱ्यावरून ऐकत होते. त्याला वाटलं, स्पर्धेचं काय म्हणून विचारतील, नवीन प्रोग्रॅम छापावा लागेल म्हणून चिडतील. तसं काही झालं नाही.

"वन्स मोअरला तू उठून नमस्कार केलास रे," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

इम्रेंनी कोटाच्या खिशातून पातं काढलं, कागदाची गुंडाळी सोडली आणि त्याच्यासमोर ठेवलं. पानं वाया घालवायची नाहीत, ते म्हणाले, गाण्याने काही वाईट केलेलं नाही. आधी वरची रेघ काढ, मग अक्षरं. पातं आडवं धर. हळू, कागद फाटेल. परीक्षित आपलं नाव खरवडायला लागला. शाई उत्तम प्रतीची होती, सहज निघत नव्हती. काळी भुकटी बोटांना लागत होती आणि ती फुंकून टाकल्यावरही पान उजेडात धरलं की जागेवर खूण दिसत होती.

सहा पानं झाली तेव्हा इम्रेंनी एक कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. आता माझं नाव लिहून दे, म्हणाले, म्हणजे मी गिरवीन. परीक्षितने हात पुसले आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं, चाल: इम्रे सोल्नोकी. इम्रेंनी चिठ्ठी हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"हे माझंच आहे, हे मी कसं ओळखू?"

शपथ घ्यायची तरी कशाची घेणार? इम्रे चिठ्ठी घेऊन उठले, मफलर गुंडाळला आणि दाराबाहेर गेले. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू येत होती, दोन पायऱ्या, मग धाप, मग पुन्हा दोन पायऱ्या. वर दार उघडलं. कस्तुरीचा आवाज आला. ती त्यांना ती चिठ्ठी एकेका अक्षरावर थांबत वाचून दाखवत होती, आणि ते तिला पुन्हा वाचायला सांगत होते. परीक्षितने सातवं पान पुढे ओढलं आणि पातं आडवं धरलं.